गुडघ्यातील पीआरपी इंजेक्शन: फायदा कोणाला होऊ शकतो?

"डॉक्टर, हे इंजेक्शन घेतलं तर ऑपरेशन टळेल ना?" गुडघेदुखीचे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. याचे उत्तर बऱ्याच अंशी तुमचा गुडघा किती झिजला आहे यावर अवलंबून असते.

पीआरपी म्हणजे काय?

रुग्णाचेच रक्त घेऊन ते यंत्रात वेगाने फिरवतात. त्यातील प्लेटलेट्सचा भाग वेगळा करून गुडघ्यात टोचतात. सांध्यातील सूज आणि वेदना कमी करणे हा त्यामागचा हेतू. झिजलेली कूर्चा यामुळे पुन्हा तयार होते, असे सिद्ध झालेले नाही.

आराम मिळण्याची शक्यता कोणाला जास्त?

उभे राहून काढलेल्या एक्स-रेवरून झीज 0 ते 4 अशा श्रेणींत मोजतात.

- झीज सुरुवातीची किंवा मध्यम असेल
- वजन आटोक्यात असेल
- पाय फारसा वाकलेला नसेल

कोणाला कमी?

श्रेणी 4 मध्ये हाडावर हाड घासत असते. पाय धनुष्यासारखा वाकला असेल किंवा वजन खूप जास्त असेल, तरीही फारशी अपेक्षा ठेवू नये.

मग खात्री का देता येत नाही?

ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांची झीज सौम्य ते मध्यम होती. काहींना पीआरपीची, तर काहींना नुसत्या सलाईनची 3 इंजेक्शने दिली. वर्षभरानंतर दोन्ही गटांत वेदना कमी झाल्या होत्या, पण दोन्हींत ठळक फरक नव्हता. इतर काही अभ्यासांत मात्र पीआरपीचा फायदा दिसला आहे. म्हणजेच वरील लक्षणांवरून फक्त अंदाज बांधता येतो. तुम्हाला गुण येईलच, हे आधी सांगणारी तपासणी आज उपलब्ध नाही.

पैसे भरण्यापूर्वी

- "माझी श्रेणी कोणती? एकूण खर्च किती? आराम पडला नाही तर पुढे काय?" हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.
- रक्त पातळ करण्याच्या आणि वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.
- मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नियमित करा, वजन कमी करा. 1 किलो वजन घटले की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे 4 किलोने हलका होतो.
- गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

इंजेक्शन घेतले तरी व्यायाम सोडू नका.