उन्हात धावताना स्नायूंचे काय होते?

स्नायूंच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असते. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकीची उष्णता बनते. ही उष्णता बाहेर टाकण्याचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला, की सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. उन्हात जोरात धावणाऱ्याला तासाला एक ते दोन लिटर घाम येऊ शकतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो लगेच सुकतो, त्यामुळे किती पाणी गेले ते कळतही नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाच्या धारा लागतात, पण तो नीट सुकत नसल्याने अंग पुरेसे थंड होत नाही.

घामासाठी लागणारे पाणी रक्तातून घेतले जाते. त्याची भरपाई झाली नाही तर रक्ताचे आकारमान घटते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते आणि ठोके वाढतात. या कमी झालेल्या रक्ताला दोन कामे करायची असतात: स्नायूंना प्राणवायू पुरवणे आणि आतली उष्णता त्वचेपर्यंत नेणे. डेन्मार्कमधील संशोधकांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सायकलपटूंनी 35 अंश सेल्सिअस तापमानात, पाण्याची भरपाई न करता दोन तासांहून अधिक काळ सायकल चालवली. त्यांचे वजन जवळपास 4 टक्क्यांनी घटले आणि पायांकडे जाणारा रक्तप्रवाह मिनिटाला सुमारे दोन लिटरने कमी झाला. स्नायूंनी मिळालेल्या रक्तातून अधिक प्राणवायू शोषून ती तूट भरून काढली. शरीराचे तापमान मात्र चढतच गेले. तापलेला स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखरही अधिक वेगाने वापरतो, म्हणून दमणूक लवकर येते.

साधारणपणे वजनाच्या 2 टक्के पाणी गेले, म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 1.2 लिटर, की उष्ण हवेत दमसास कमी होऊ लागतो. एकदाच वजन उचलण्याच्या ताकदीवर तेवढ्याने फारसा परिणाम होत नाही.

पोटरीत येणाऱ्या गोळ्यांचे खापर पूर्वी फक्त पाणी आणि मीठ कमी झाल्यावर फोडले जाई. थकलेल्या स्नायूचे मज्जातंतूंकडून होणारे नियंत्रण बिघडणे हेही त्याचे महत्त्वाचे कारण असल्याचे आता मानले जाते. गोळा आल्यावर स्नायू हळूहळू ताणल्याने आराम पडतो, तो यामुळेच.

खरा धोका स्नायूंच्या पेशी फुटण्याचा असतो. त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि आधीच कमी रक्त मिळणाऱ्या मूत्रपिंडांना इजा करते. स्नायू प्रचंड दुखणे, सुजणे आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी ताबडतोब रुग्णालय गाठावे. सराव एकदम वाढवणाऱ्या नवख्यांना हा धोका अधिक असतो. जून 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या 5 किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार दगावले, तेव्हा उन्हातल्या धावण्याचा प्रश्न महाराष्ट्रात ऐरणीवर आला.

उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात. तेवढ्या काळात सराव हळूहळू वाढवला, की घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. धावण्याआधी आणि नंतर वजन केल्यास गेलेल्या पाण्याचा अंदाज येतो: एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर. पाणी थोडे थोडे प्यावे. फार वेळ घाम गाळल्यास मीठही घ्यावे. घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेले तर रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून अतिरेक दोन्ही बाजूंनी टाळावा.