म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूत नेमके काय सैल होते?

नंदनवन (नागपूर), प्रतिनिधी : ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की, घरातील ज्येष्ठ व्यक्ती चष्मा कोठे ठेवला हे विसरली तरी ती सहज उच्चारली जाते. वय वाढले की मेंदूतील पेशी मरतात, उरलेल्यांना नवे काही शिकता येत नाही आणि म्हणून स्मरणशक्ती ओसरते, असा सर्वसाधारण समज आहे. उंदरांच्या मेंदूवर गेल्या पाव शतकात झालेल्या संशोधनाने या समजाला तडा दिला आहे. निरोगी म्हाताऱ्या उंदराचा मेंदू नवे दुवे जोडतो. किंबहुना काही भागांत तो तरुण मेंदूपेक्षा अधिक वेगाने जोडतो. त्याला जड जाते ते जोडलेला दुवा धरून ठेवणे.

हा भेद म्हणजे केवळ शास्त्रीय काथ्याकूट नव्हे. पेशीच मेल्या असतील तर उपाय जवळपास संपतो. दुव्याची पकड सैल झाली असेल तर ती घट्ट करण्याचा विचार तरी करता येतो. भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमरसारख्या आजारात दुवे खरोखरच नष्ट होतात. पण आजार नसताना येणारा विसरभोळेपणा ही वेगळी गोष्ट असून, येथे विचार आहे तो मुख्यत्वे तिचा.

मेंदूतील पेशी एकमेकींना थेट चिकटलेल्या नसतात. एका चेतापेशीचा लांब तंतू दुसरीच्या फांदीजवळ येतो आणि मधल्या अतिसूक्ष्म फटीतून रसायनांच्या साहाय्याने संदेश पलीकडे जातो. या जागेला चेतासंधी म्हणतात. संदेश देणाऱ्या तंतूवर बटणासारखे फुगवटे असतात, तर घेणाऱ्या फांदीवर काट्यांसारखे उंचवटे. उंदराच्या मेंदूत सुमारे सात कोटी चेतापेशी आहेत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. २०२५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदराच्या मेंदूच्या दृष्टिविभागातील एका घन मिलिमीटरचा, म्हणजे वाळूच्या कणाएवढ्या तुकड्याचा, नकाशा प्रसिद्ध केला. त्यात दोन लाखांहून अधिक पेशी, सुमारे ५२ कोटी चेतासंधी आणि चार किलोमीटर लांबीचे तंतू आढळले. जगनाडे चौकातून सीताबर्डीला जाण्याचे साधारण जेवढे अंतर, तेवढी ‘तार’ एका कणात!

हा नकाशा एका क्षणाचा आहे. वयाबरोबर होणारे बदल टिपायचे तर एकाच जिवंत उंदराच्या एकाच फांदीची छायाचित्रे आठवड्यांच्या, महिन्यांच्या अंतराने घ्यावी लागतात. चेतापेशी प्रकाशात चमकाव्यात यासाठी उंदरांत विशिष्ट जनुक घालण्याचे तंत्र आणि खोलवर पाहू शकणारे लेसर सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर हे शक्य झाले. डिसेंबर २००२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात असे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले आणि गंमत म्हणजे त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळेनात. एका गटाला आढळले की, महिनाभराच्या उंदरात सुमारे ७३ टक्के काटे महिनाभर टिकतात, तर प्रौढ उंदरात ९६ टक्के. दुसऱ्या गटाच्या मोजणीत प्रौढ उंदरातही महिन्याभरात जेमतेम निम्मे काटे शिल्लक राहत होते. एकाने दृष्टीचा विभाग पाहिला होता, दुसऱ्याने मिशांच्या स्पर्शाचा. शिवाय एकाने कवटीचे हाड घासून पातळ केले होते, तर दुसऱ्याने ते काढून तेथे काच बसवली होती. काच बसवण्याच्या शस्त्रक्रियेनेच काट्यांची उलथापालथ वाढते, असे २००७ मधील एका अभ्यासात दिसून आले. पाहण्यासाठी उघडलेली खिडकीच दृश्य बदलते, हा धडा या क्षेत्राला लवकर मिळाला, हे बरेच झाले. मात्र बालवयात मोठी छाटणी आणि प्रौढपणी स्थैर्य, हे चित्र पुढे सर्वसाधारणपणे मान्य झाले.

मग म्हातारपणी काय होते? २०१३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील विन्चेन्झो दे पाओला यांच्या गटाने वृद्ध उंदरांच्या मेंदूच्या बाह्यस्तरातील फुगवट्यांचा मागोवा घेतला. अपेक्षा होती संख्या घटल्याची. प्रत्यक्षात फुगवट्यांची दाटी तेवढीच होती आणि आकारही सरासरीने तेवढाच. काही विशिष्ट मंडलांत मात्र फुगवटे उगवण्याचा आणि नाहीसे होण्याचा वेग वाढलेला होता. विशेष म्हणजे जे मोठे, म्हणजेच बळकट दुवे तरुणपणी सर्वांत स्थिर असतात, तेच म्हातारपणी डळमळण्याचे प्रमाण दहापट, तर त्यांच्या अदलाबदलीचा वेग वीसपट आढळला.

नंदनवनातील एखाद्या जुन्या ले-आऊटची कल्पना करावी. घरे तेवढीच आहेत, एकही रिकामे नाही, पण भाडेकरू दर दोन महिन्यांनी बदलतात. गल्लीत शिरलेल्या पाहुण्याला पत्ता सांगणारा जुना शेजारी मात्र सापडत नाही. वृद्ध उंदराच्या मेंदूची स्थिती काहीशी अशीच होते. शिकण्यात व आठवण्यात येणारी अडचण नवे दुवे न जमण्यातून नव्हे, तर दुव्यांची चिकाटी घटण्यातून येते, असा या शास्त्रज्ञांचा निष्कर्ष होता.

ही चिकाटी कशावर अवलंबून असते, याचे पूर्ण उत्तर कोणत्याही एका प्रयोगशाळेजवळ नाही. पण म्हातारपणाची बीजे फार आधी पेरली जात असावीत, असे सुचवणारे महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. विदिता वैद्य यांच्या गटाने पुण्याच्या ‘आयसर’मधील डॉ. संजीव गलांडे व इतरांसह केलेला अभ्यास २०१३ मध्येच प्रसिद्ध झाला. (हे प्रयोग ‘रॅट’ या मोठ्या जातीवर होते, लंडनचे ‘माउस’वर. मराठीत दोघेही उंदीरच!) नवजात पिलांना काही काळ आईपासून दूर ठेवण्यात आले. ही पिले मोठी झाल्यावर हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाची तपासणी झाली.

निकाल चकित करणारा होता. तारुण्यात ही जनावरे इतरांपेक्षा सरस ठरली. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी अधिक जन्मत होत्या, दुव्यांचे पोषण करणारे ‘बीडीएनएफ’ हे प्रथिन अधिक होते आणि पाण्याच्या हौदात दडवलेला चौथरा शोधण्याच्या परीक्षेत त्यांची कामगिरी उजवी होती. मध्यमवयात पारडे नेमके फिरले. नव्या पेशी घटल्या, बीडीएनएफचे जनुक दबले गेले आणि स्मृतीच्या परीक्षांत ती मागे पडली. बालपणीच्या ताणाची किंमत तारुण्यात दिसली नाही. ती मध्यमवयात वसूल झाली. या वयातील जनावरांना अॅमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरील औषध दीर्घकाळ दिल्यावर हे दुष्परिणाम सौम्य झाले.

याच गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या माउसवरील अभ्यासात जन्मानंतरच्या दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांत मेंदूच्या पुढील भागातील उत्तेजक पेशी कृत्रिमरीत्या वारंवार चेतवल्या गेल्या. ही पिले मोठेपणी चिंता व हताशपणाची लक्षणे दाखवू लागली. हाच प्रकार किशोरवयात वा प्रौढपणी केल्यास तसा चिरस्थायी परिणाम दिसला नाही.

नागपूरही या संशोधनापासून अगदीच दूर नाही. अमरावती मार्गावरील विद्यापीठ परिसरात असलेल्या औषधनिर्माणशास्त्र विभागातील डॉ. दादासाहेब कोकरे आणि पूर्वी येथेच असलेले व नंतर पुण्याच्या ‘आयसर’मध्ये गेलेले डॉ. निशिकांत सुभेदार यांनी मेंदूतील ‘कार्ट’ या पेप्टाइडवर दीर्घकाळ काम केले. हे पेप्टाइड हिप्पोकॅम्पसमध्ये स्मृतीला साहाय्य करते आणि ते पेशीतील ‘ईआरके’ या संदेशसाखळीमार्फत घडते, असे त्यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले. हा अभ्यास वार्धक्याचा नव्हता. पण दुवा पक्का होताना पेशीच्या आत काय घडते, हे कळल्याशिवाय तो सैल का होतो हेही कळणार नाही.

उंदरावरून माणसाकडे उडी घेताना सावधगिरी आवश्यक आहे. पिंजऱ्यातील उंदीर एकाच वंशाचे असतात, एकच खाद्य खातात आणि दोन-तीन वर्षांत त्यांचे आयुष्य संपते. वर उल्लेखिलेले अॅमिट्रिप्टिलीन तर ज्येष्ठांना शक्यतो देऊ नये, असे वैद्यकीय निर्देश आहेत, कारण त्याने गोंधळलेपणा व स्मृतिदोष उद्भवू शकतो. उंदरांच्या प्रयोगाची बातमी वाचून औषधाच्या दुकानाकडे वळणे धोक्याचे ठरेल.

त्यामानाने निरुपद्रवी उपाय म्हणजे पळणे. १९ महिन्यांच्या, म्हणजे चांगल्याच वयस्क उंदरांना पिंजऱ्यात फिरते चाक दिल्यावर महिन्याभराने ती हौदाची परीक्षा अधिक लवकर शिकली आणि त्यांच्यातील नव्या पेशींची निर्मिती तरुण उंदरांच्या निम्म्यापर्यंत परत आली, असे २००५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना आढळले. माणसाच्या प्रौढ मेंदूत अशा नव्या पेशी जन्मतात की नाही, यावर मात्र २०१८ मध्ये दोन गटांनी नेमके उलट दावे केले होते. स्वीडनमधील संशोधकांनी २०२५ मध्ये ७८ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या मेंदूंचे नमुने तपासून, प्रौढांतही अशा पेशींना जन्म देणाऱ्या पेशी आढळल्याचे जाहीर केले. त्यांचे प्रमाण मात्र माणसागणिक बरेच वेगवेगळे होते.