भिंतीआडची राखाडी नळी

२०१२ साली संशोधनाच्या निमित्ताने आम्ही अमेरिकेत होतो. तिथे स्थायिक झालेले आमचे एक स्नेही जुने घर विकत घेण्याच्या खटपटीत होते. घर १९८६ सालचे, छप्पर चांगले, किंमतही आवाक्यातली. व्यवहारापूर्वी तिकडे घराची तपासणी करून घेण्याची पद्धत आहे. तपासनिसाने पाणी तापवण्याच्या टाकीमागे टॉर्च मारला, एका राखाडी प्लॅस्टिकच्या नळीवरची अक्षरे वाचली आणि कागदावर खूण केली. नळीवर ‘पीबी २११०’ असे छापलेले होते. कुठेही गळती नव्हती. तरी त्या एका खुणेपायी व्यवहार तीन आठवडे अडून राहिला.

“अहो, नळी तर नव्यासारखी दिसते, मग बिघडले कुठे?” स्नेह्यांचा हा प्रश्न आमच्याकडेच आला, कारण रसायनशास्त्र हा आमचा विषय.

पीबी म्हणजे पॉलिब्युटिलीन. १९७८ ते १९९५ या काळात अमेरिकेतील लक्षावधी घरांत या नळ्या बसल्या. तांब्यापेक्षा स्वस्त, हाताने वाकणाऱ्या, सांध्याला डाग देण्याची कटकट नाही. पुढे त्या फुटू लागल्या, भिंती भिजल्या, दावे उभे राहिले. १९९५ मध्ये टेनेसी राज्यातील ‘कॉक्स विरुद्ध शेल’ या खटल्यात तडजोड होऊन भरपाईसाठी ९५ कोटी डॉलरचा निधी ठरला. त्या भरपाईची मुदत केव्हाच संपली. आज असे घर घेणाऱ्याला खर्च स्वतःच सोसावा लागतो.

अंगणात वर्षभर उन्हात राहिलेली प्लॅस्टिकची बादली आपण सर्वांनी पाहिली आहे. ती पांढुरकी पडते आणि एक दिवस कडीपाशी कडकन तुटते. प्लॅस्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. ऑक्सिडीकरणाने त्या जागोजागी तुटतात, आणि साखळ्या आखूड झाल्या की लवचिकपणा जाऊन ठिसूळपणा येतो. बादलीच्या बाबतीत हे ऊन घडवून आणते. नळीच्या बाबतीत ते घडवतो पाणी निर्जंतुक करण्यासाठी घातलेला क्लोरीन. पॉलिब्युटिलीनच्या साखळीत एकाआड एक कार्बन अणूला फांदी फुटलेली असते. त्या फांदीच्या अणूवरचा हायड्रोजन तुलनेने सैल, म्हणून हल्ला तिथे होतो. नळी बनवताना त्यात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये मिसळतात, पण ती हळूहळू खर्ची पडतात. तोवर नळी धडधाकट असते. त्यानंतर आतल्या पृष्ठभागापासून ठिसूळपणा सुरू होतो. गरम पाण्याच्या नळीत हे सारे अधिक वेगाने घडते.

अमेरिकेत नळाच्या पाण्यात लिटरमागे ४ मिलिग्रॅमपर्यंत शिल्लक क्लोरीन चालतो. आपल्याकडच्या मानकात किमान अपेक्षा ०.२ मिलिग्रॅमची आहे. ब्रिटनमध्ये आजही पॉलिब्युटिलीनच्या नळ्या बसवतात, तेव्हा सगळा दोष एका पदार्थाच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. कित्येक घरांत तर नळीआधी अ‍ॅसिटल प्लॅस्टिकचे सांधेच तडकले होते.

आता थोडे गणित. या नळीच्या भित्तीची जाडी बाहेरील व्यासाच्या एक अकरांश असते. आत पाण्याचा जो दाब असेल, त्याच्या सुमारे पाचपट ताण भित्तीवर येतो. दाब ४ बार, तर ताण २० बार. आतून निम्मी जाडी भेगाळली, तर उरलेल्या निम्म्या जाडीवर हा ताण जवळपास दुप्पट होतो. बाहेरून मात्र नळी तशीच गुळगुळीत दिसते. म्हणूनच तपासनीस नळीची प्रकृती पाहत नाही, तिचे नाव वाचतो. रंगावर विसंबून चालत नाही. हल्लीच्या पेक्स नळ्याही राखाडी किंवा निळ्या असू शकतात. शिवाय बेसिनखाली तांबे दिसले, तरी भिंतीत पीबी असू शकते.

विकणाऱ्याची अडचण वेगळीच. तिथल्या बहुतेक राज्यांत माहीत असलेला दोष लेखी सांगावा लागतो. पण पंचवीस वर्षांत एकदाही न गळलेली नळी हा दोष म्हणायचा का? मालकीणबाईंचे म्हणणे, नाही. विमा कंपनीचे म्हणणे, हो. नळ्या बदलल्याशिवाय ती विमा उतरवायला तयार नव्हती. अखेर नळ्या बदलण्याचा निम्मा खर्च किमतीतून वजा झाला.

प्लंबरने काढलेल्या नळ्यांचे दोन तुकडे आम्ही मागून घेतले आणि उभे चिरले. गरम पाण्याच्या तुकड्यातून नखाने खरवडताच पापुद्रे निघाले, वाकवताच आतल्या बाजूला आडव्या भेगा उघडल्या. थंड पाण्याचा तुकडा मात्र आतूनही चकचकीत होता. तो आणखी वीस वर्षे टिकला असता की वीस दिवस, हे आम्हाला त्या तुकड्यावरून स्नेह्यांना सांगता आले नाही.