मोटारसायकलच्या ऑइल कूलरला जाळी लावावी का? पैसे घालण्याआधी रस्ता बघा, चिखल बघा

सोलापूर : साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की माळशिरस, माढा, पंढरपूर, करमाळा भागातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीला साईड मारायला मोटारसायकल जवळ गेली की चाकाखालची खडी उडते. ती कधी नडगीवर बसते, कधी हेडलाइटच्या काचेवर, तर कधी इंजिनाच्या पुढं लावलेल्या ऑइल कूलरवर. नडगीचा मार लगेच कळतो, फुटलेली काच दिसते. कूलरला पडलेलं बारीक भोक मात्र चालत्या गाडीवर दिसत नाही. म्हणून गॅरेजमध्ये "जाळी बसवून टाकू का?" असं विचारलं की अनेकजण लगेच हो म्हणतात. पण जाळी प्रत्येक गाडीला लागत नाही, आणि चुकीची जाळी इंजिनाला त्रासच देते.

आधी बघा, कूलर आहे का?

स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, शाईन, प्लॅटिना या गावोगावी दिसणाऱ्या गाड्यांना ऑइल कूलर नसतो. त्यांचं इंजिन सिलिंडरवरच्या पत्र्यांना लागणाऱ्या वाऱ्यानं थंड होतं. अशा गाडीला कूलरची जाळी विकत घेणं म्हणजे पैसे वाया.

पल्सर 220, पल्सर एन 250, जिक्सर 250, एक्सपल्स 200, हिमालयन 411 अशा गाड्यांना ऑइल कूलर असतो. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, वारा लागेल असा हा छोटा चौकोनी भाग बसवलेला दिसतो. त्याला इंजिनातून आलेले दोन पाईप असतात. केटीएम ड्यूक, पल्सर एनएस 200, आर 15 यांना असतो तो रेडिएटर. त्यात ऑइल नाही, कूलंट फिरतं. दगडाचा धोका मात्र दोन्हींना सारखाच.

कूलर करतो काय?

ऑइलचं काम फक्त वंगणाचं नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग यांची उष्णताही ते उचलतं. तापलेलं ऑइल पंपाच्या दाबानं कूलरमध्ये येतं, तिथल्या चपट्या पातळ नळ्यांतून फिरतं आणि थंड होऊन परत इंजिनात जातं. नळ्यांच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पत्र्या असतात. त्यांना मेकॅनिक फिन्स म्हणतात. वारा या पत्र्यांमधून आरपार गेला तरच ऑइल थंड होतं. मे महिन्यात सोलापुरात पारा 42-43 अंशांवर जातो तेव्हा वाराच गरम असतो. त्यात वाट अडली तर कूलर असून नसल्यासारखा.

दगड लागला तर काय होतं?

प्रत्येक दगडानं भोक पडत नाही. बहुतेक वेळा नुसत्या फिन्स वाकतात. थोड्या वाकल्या तर फरक पडत नाही, पण मोठा भाग चेपला तर तेवढा कूलर बंद झाला असं समजायचं.

खरी भीती नळी फुटण्याची. दीडशे ते अडीचशे सीसीच्या गाडीत एकूण ऑइलच साधारण एक ते दोन लिटर असतं. इंजिन चालू असताना पंप ते दाबानं बाहेर फेकत राहतो. ऑइल संपत आलं की पिस्टन-सिलिंडर कोरडे घासतात आणि इंजिन जाम होतं. ऑइल कमी झाल्याचा दिवा अनेक मोटारसायकलींना नसतोच. त्याहून वाईट म्हणजे उडालेलं ऑइल मागच्या टायरवर आलं तर वळणावर गाडी घसरते. मागं बायको-पोरं बसलेली असतील तर हा प्रश्न इंजिनाच्या खर्चाचा राहत नाही.

दगड येतो कुठून?

जाळी घ्यायची की नाही हे यावरच ठरतं. दगड दोन वाटांनी येतो.

पहिली वाट आपल्याच पुढच्या चाकाची. मुरमाच्या रस्त्यावर चाक खडी आणि चिखल उचलतं आणि खालून वर इंजिनाकडं फेकतं. यावर जाळीपेक्षा पुढच्या मडगार्डला खाली जोडलेला रबरी फ्लॅप जास्त उपयोगी पडतो. तो दगडही अडवतो आणि चिखलही. खर्च कमी, आणि वाऱ्याला अडथळाही नगण्य.

दुसरी वाट पुढच्या वाहनाची. डंपर, ट्रॉली, एसटी यांच्या चाकाखालून उडालेला दगड समोरून येतो. त्याला फ्लॅपचा उपयोग नाही, तिथं जाळीच लागते. दगडाची जाडी दुप्पट झाली तर वजन आठपट होतं. म्हणजे 10 एमएमच्या खडीपेक्षा 20 एमएमची खडी आठपट जड. त्यात आपली गाडी जितकी जोरात तितका मार मोठा, वेग दुप्पट झाला तर माराची ताकद चौपट होते. म्हणून जाळी असो वा नसो, पहिला उपाय फुकटातला आहे : ट्रॉलीच्या मागं अंतर ठेवा, आणि साईड मारायला रस्ता मोकळा नसेल तर तिच्या बुडाला चिकटू नका.

जाळीची भोकं किती मोठी?

बारीक जाळी जास्त सुरक्षित, असं वाटतं. हिशोब उलटा आहे. 1 एमएम तारेची आणि 5 एमएम भोकाची जाळी घेतली तर सुमारे 69 टक्के जागा वाऱ्याला मोकळी राहते. तीच तार ठेवून भोक 2 एमएमचं केलं तर मोकळी जागा 44 टक्क्यांवर येते. म्हणजे निम्म्याहून जास्त वाट बंद. शिवाय बारीक भोकात ज्वारीचं भुसकट, किडे, गवताचं बी अडकतं आणि उरलेली वाटही बुजते.

5-6 एमएमच्या भोकातून बारीक कच आत जाईल, पण ती हलकी असते, तिनं नळी सहसा फुटत नाही. नळी फोडू शकणारी मोठी खडी अशी जाळी अडवते. डासांची जाळी, चाळणीचा पत्रा किंवा मध्येच चार भोकं पाडलेला सबंध पत्रा कूलरपुढं लावू नये. दिसायला दणकट, पण कूलरचा श्वास कोंडतो.

कुणी लावावी, कुणी नको?

रोजचा रस्ता पुणे किंवा विजयपूर महामार्गाचा असेल, डंपर-ट्रॉलींच्या मागून जाणं चुकत नसेल, रस्त्याचं काम सुरू असलेल्या खडीवरून ये-जा असेल आणि गाडीचा कूलर समोरून उघडा दिसत असेल, तर जाळी लावणं शहाणपणाचं. जाळीचा खर्च काही शे रुपयांत बसतो, इंजिन जाम झालं तर काम हजारांत जातं.

गाडी मुख्यतः गाव ते रान अशीच फिरत असेल तर मात्र थांबून विचार करा. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानाचा चिखल चिकट. तो जाळीत बसला की वाळून टणक होतो, आणि जाळीमुळं मागचा कूलर किती भरलाय ते दिसतही नाही. अशा गाडीला आधी मडगार्डचा फ्लॅप लावा. जाळी लावायचीच असेल तर पावसाळ्यात ती काढून धुण्याची सवय लागेल. गाडी महिनोनमहिने न धुणाऱ्यानं जाळीच्या फंदात पडू नये. दगड कूलरला क्वचित लागतो, साचलेला चिखल मात्र रोज वारा अडवतो.

बसवताना काय बघायचं?

तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली जाळी मिळत असेल तर तीच घ्या. काही कंपन्या स्वतःच्या ॲक्सेसरीजमध्ये असे गार्ड देतात. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेणार असाल तर या गोष्टी तपासा :

- जाळी कूलरला टेकलेली नको. मध्ये बोटाच्या जाडीइतकी तरी जागा हवी. टेकलेली जाळी हादऱ्यानं घासून नळी कापते, म्हणजे जिनं वाचवायचं तीच भोक पाडते.
- पुढचं चाक आणि जाळी यांत जागा हवी. एकानं पुढचा ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्यानं हँडलवर जोर देऊन शॉकॲब्सॉर्बर पूर्ण दाबावा. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवूनही बघावं. चाक किंवा मडगार्ड जाळीच्या जवळ येत असेल तर ती जाळी नको. चालत्या चाकात जाळी अडकली तर माणूस वाचणं अवघड.
- कूलरला किंवा चासीला वेल्डिंग करू नका, भोक पाडू नका. जाळी नटबोल्टवर असावी, म्हणजे धुवायला काढता येते. नट लॉकचे घ्या, हादऱ्यानं सैल होत नाहीत.
- अनेक कूलर रबरी बुशवर बसवलेले असतात. ते रबर काढून लोखंडी पट्टीनं कूलर घट्ट आवळू नका. हादरा थेट नळ्यांना बसतो.
- गाडी वॉरंटीत असेल तर जाळी बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा आणि उत्तर जॉबकार्डावर लिहून घ्या.

जाळी बसवल्यावर पहिले आठ-दहा दिवस लक्ष ठेवा. नेहमीच्याच रस्त्यावर इंजिन जास्त तापतंय, आवाज वाढलाय, गरम झाल्यावर गिअर अडकतोय असं जाणवलं तर जाळी काढून फरक बघा.

धुताना घ्यायची काळजी

वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा थेट कूलरवर मारू देऊ नका. त्या फवाऱ्यानंही फिन्स वाकतात. इंजिन थंड झाल्यावर साधं पाणी सोडून चिखल भिजू द्या, मग मऊ ब्रशनं फिन्सच्या दिशेनं हलक्या हातानं काढा. जमलं तर मागून पुढं पाणी मारा, अडकलेला कचरा आल्या वाटेनं बाहेर पडतो.

गळती दिसली तर

बुटावर, इंजिनावर किंवा गाडी लावलेल्या जागेवर ताजं ऑइल दिसलं, जळक्या ऑइलचा वास आला, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन तिथंच बंद करा. "गाव दोनच किलोमीटर आहे, तेवढं जाऊ" हा हिशोब महागात पडतो. मागचा टायर बघा, ऑइल लागलं असेल तर बसून चालवूच नका. छोट्या टेम्पोत घालून गाडी गॅरेजला न्या. एम-सील थापून किंवा कूलर काढून दोन पाईप एकमेकांना जोडून दिले तर तो कायमचा उपाय समजू नका, विशेषतः उन्हाळ्यात.

आज संध्याकाळी गाडी लावताना एकदा वाकून कूलर बघा. उघडा आहे का, फिन्स वाकल्यात का, चिखल किती साचलाय, पाईपच्या जोडाला ओल आहे का. चिखल साचला असेल तर जाळीचा विचार नंतर, आधी तो धुवून काढा.