सणानंतरची बरकत
लेखमाला : ग्रंथ आणि पारायण – लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण सिमखात तोराच्या उत्सवापाशी थांबलो होतो. हेखालचं, म्हणजे पोथ्या ठेवायच्या कपाटाचं, दार उघडलेलं. तोराच्या गुंडाळ्या कडेवर घेऊन सात फेरे चाललेले, लहान पोरं बापाच्या खांद्यावर. वर्षभर दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, एकेक प्रकरण वाचत आणलेली तोरा, मोशेची पाच पुस्तकं, त्या दिवशी पूर्ण झाली. आज त्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. लेखमाला सुरू केली तेव्हापासून मला याच दिवसाची ओढ होती.

ज्यू पंचांगातला तिशरी महिना सणांनी गच्च भरलेला असतो. एक आणि दोन तारखेला नवं वर्ष, दहाव्या दिवशी योम किप्पुरचा उपास, पंधराव्यापासून सात दिवस सुक्कोतचे मांडव आणि त्याला लागूनच सिमखात तोरा. पुढचा खेश्वान महिना मात्र रिकामा. इथिओपियातले ज्यू त्याच्या २९ तारखेला सिग्द पाळतात, एवढा एक अपवाद. या महिन्याला मारखेश्वान असंही म्हणतात. ‘मार’ म्हणजे कडू. ज्या महिन्यात एकही सण नाही तो कडूच, असा लोकांनी लावलेला अर्थ. मूळ शब्द बाबिलोनी आहे आणि त्याचा अर्थ नुसता ‘आठवा महिना’. पण लोकांनी लावलेला अर्थ मला खोटा वाटत नाही. पाहुणे परत गेल्यावर घर जसं वाटतं, तसा तो महिना.

म्हणूनच परंपरेने सणाच्या दुसऱ्या दिवसालाही नाव दिलं : इस्रू खाग, म्हणजे सण बांधून ठेवणं. त्या दिवशी थोडं गोडधोड करावं, सणाची गाठ एकदम सोडू नये, असं तालमूद हा ज्यू पंडितांच्या चर्चांचा ग्रंथ सांगतो. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात योम किप्पुरला दारफाळणीचा सण म्हणत आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला ‘शिळा सण’. हाईम शमुएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात त्याची नोंद केली आहे. त्या दिवशी एकमेकांकडे जायचं, गरिबांना दानधर्म करायचा. शिळा हा शब्द ऐकून कुणी नाक मुरडेल, पण कोकणातल्या माणसाला शिळ्या भाकरीची चव ठाऊक असते.

गोडधोड आणि गाठीभेटी एका दिवसाच्या. पुढचा महिना तरून जायला वेगळी शिदोरी लागते. ती तोराच्या शेवटात आणि सुरुवातीत बांधलेली आहे.

तोराच्या शेवटच्या प्रकरणाचं नावच ‘वझोत हब्राखा’, म्हणजे ‘आणि हाच तो आशीर्वाद’. मरणाआधी मोशे एकेका वंशाला आशीर्वाद देतो, नबो डोंगरावर चढतो, वचनाचा देश लांबून पाहतो आणि तिथेच देह ठेवतो. त्याची कबर कुणाला ठाऊक नाही. शेवटच्या आठ ओव्यांत त्याच्या मृत्यूची हकीकत आहे, तेव्हा त्या लिहिल्या कुणी, असा प्रश्न तालमूदच्या पंडितांना पडला. एक मत असं, की त्या मोशेच्या वारसाने, यहोशुआने, लिहिल्या. दुसरं मत असं, की देवाने सांगितल्या आणि मोशेनेच त्या अश्रू ढाळत लिहिल्या. एका प्रश्नावर दोन मतं आणि दोन्ही जपून ठेवलेली. तालमूद वाचताना हे सारखं भेटतं.

म्हणजे आशीर्वादाच्या नावाने सुरू झालेलं प्रकरण एका मृत्यूपाशी येऊन थांबतं. पारायणात इथे समाप्ती झाली असती. सिनेगॉगमध्ये तसं होत नाही. त्याच दिवशी, त्याच बैठकीत दुसरी गुंडाळी उघडून उत्पत्तीचं पहिलं प्रकरण वाचायला घेतात. त्या वेळी गुंडाळी उचलून सगळ्यांना दाखवतात, तेव्हा उचलणाऱ्याच्या हातांकडे पाहावं. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे वाचून झालेलं चामडं उजव्या दांड्यावर गुंडाळत जातं. वर्षाच्या शेवटी सगळा भार उजव्या हातावर येतो, डावा दांडा जवळजवळ मोकळा. नव्याने सुरू केलेल्या गुंडाळीत नेमकं उलटं : उजवीकडे काहीच नाही आणि जे वाचायचं राहिलंय ते सगळं डाव्या हातावर. मोठी गुंडाळी दहा किलोच्या आसपास भरते. एका सकाळी हा भार एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

आणि नव्या गुंडाळीतलं पहिलं अक्षर आहे ‘बेत’. तोराची सुरुवात वर्णमालेतल्या पहिल्या अक्षराने, ‘आलेफ’ने, का नाही? मिद्राश या जुन्या भाष्यांमध्ये याचं उत्तर दिलंय : बेत हे ब्राखाचं, आशीर्वादाचं पहिलं अक्षर, आलेफने शापाचा शब्द सुरू होतो. शिवाय बेतचा आकारही पाहावा, तीन बाजूंनी बंद आणि पुढच्या, वाचत जायच्या बाजूने उघडा. तोराचं शेवटचं अक्षर लामेद. शेवटच्या लामेदला सुरुवातीचा बेत जोडला की होतो ‘लेव’, म्हणजे हृदय. पण ते जुळतं केव्हा? शेवटापाशी न थांबता पुन्हा सुरुवात केली तरच.

हा ब्राखा शब्द आपल्याला परका नाही. आपण ‘धंद्यात बरकत आली’ म्हणतो ती बरकत अरबीतून आलेली. अरबी बरका आणि हिब्रू ब्राखा एकाच धातूच्या लेकी. हिब्रूत मात्र या शब्दाला दोन तोंडं आहेत. देव माणसाला देतो ती ब्राखा आणि माणूस देवाचं नाव घेऊन म्हणतो तीही ब्राखाच. भाकरीआधी, फळाआधी, वीज चमकली तर, इंद्रधनुष्य दिसलं तर, प्रत्येकाची वेगळी ब्राखा. आणि रोज सकाळी, अभ्यासाआधी, तोराची ब्राखा.

या सकाळच्या ब्राखातलं एक क्रियापद मला फार आवडतं : ‘ला-असोक’. तोरा जाणण्याची किंवा पाठ करण्याची आज्ञा दिली, असं त्यात म्हटलेलं नाही. तोराच्या शब्दांत गुंतण्याची, तिचा उद्योग करण्याची आज्ञा दिली, असं म्हटलं आहे. याच धातूपासून आजच्या हिब्रूत धंद्याला ‘एसेक’ म्हणतात. सकाळी दुकान उघडायचं तसं. गल्ला किती जमेल ते संध्याकाळी कळेल. उघडायचं मात्र रोज. आणि ब्राखा म्हणून झाली की ती फुकट जाऊ नये म्हणून लगेच तिथल्या तिथे थोडा अभ्यास करायचा. त्यासाठी घेतात काय, तर याजकांचा आशीर्वाद : हिब्रूतले पंधरा शब्द, तीन ओळींत, पहिलीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत सात. म्हणजे अभ्यासासाठी ब्राखा म्हणायची आणि अभ्यासाला पुन्हा आशीर्वादच घ्यायचा.

जेवणानंतर ब्राखा म्हणण्याची आज्ञा थेट तोरातच आहे : खा, तृप्त हो, मग देवाचे आभार मान. जेवणाआधीची ब्राखा पुढे पंडितांनी ठरवली. तोराच्या अभ्यासाचं उलटं. तिथे आधीची ब्राखा हीच मुळातली, असं तालमूदमध्ये मांडलं आहे. याचा अर्थ मी असा लावतो : पोटाला भूक आपोआप लागते, तिला आठवण करून द्यावी लागत नाही, विसर पडतो तो पोट भरल्यावर. अभ्यासाची भूक आपोआप लागत नाही. ती तोंडाने मागून घ्यावी लागते, रोज. सणाच्या दुसऱ्या दिवशी तर जास्तच, कारण त्या दिवशी माणूस तृप्त असतो.

हे न मागितल्याने काय होतं, याची तालमूदमधली हकीकत अंगावर येते. यरुशलेम उद्ध्वस्त झालं, देश गेला. का गेला? हे पंडितांना विचारलं, त्यांना सांगता आलं नाही. संदेष्ट्यांना विचारलं, देवदूतांना विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही. शेवटी उत्तर देवाने दिलं आणि रब नावाच्या आचार्यांनी त्याचा अर्थ केला : तोराच्या आधी ते ब्राखा म्हणत नव्हते. ऐकताना हे कारण किती क्षुल्लक वाटतं! एवढ्यासाठी देश जावा? चौदाव्या शतकात स्पेनमधल्या गिरोनाच्या रब्बी निस्सिम यांनी यावर रब्बेनू योना यांचा खुलासा नोंदवून ठेवला. लोक अभ्यास करत होते, चांगला करत होते, म्हणून तर पंडितांच्या आणि देवदूतांच्या नजरेला काही उणं दिसलं नाही. पण तोरा ही दान मिळालेली वस्तू आहे, तिच्यासाठी आधी हात जोडावेत, इतकी ती त्यांना मोलाची वाटत नव्हती. हे उणं आतलं होतं, ते आत पाहणाऱ्यालाच दिसलं. मी हा खुलासा वाचला त्या दिवशी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

इथे मला आपल्याकडचा एक माणूस आठवतो. शमुएल एझिकेल दिवेकर, मराठी बोलणारा बेने इस्राएल, कंपनी सरकारच्या फौजेतला सरदार. लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथून सुटून आल्यावर त्याने १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला शाआर हारहामीम हे सिनेगॉग बांधलं. त्या काळापर्यंत या समाजाने शेमा ही प्रार्थना जपली होती, शनिवारचा विसावा जपला होता, इतका की तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. पण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे तोराची गुंडाळी नव्हती. सिनेगॉग उभं राहिलं, आता हेखालमध्ये ठेवायला तोरा हवी, म्हणून दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले, असं समाजाच्या इतिहासात सांगतात. पुढे कोचीनहून शिक्षक आले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि शतकाच्या अखेरीला अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनं उभी राहिली, साकी-दिंडीसकट. ग्रंथ नसतानाही ग्रंथाची भूक राहिलेली माणसं होती ही. दिवेकरांचा तो प्रवास म्हणजे मला तोराआधीची ब्राखाच वाटते, तोंडाने न म्हटलेली.

सुरुवात झाली तरी तेच तेच किती वाचायचं, हा प्रश्न उरतो. चोपन्न प्रकरणं, दरवर्षी तीच. बार हे-हे नावाच्या शिष्याने हिल्लेलला जवळपास हेच विचारलं होतं. शास्त्रवचनात देवाची सेवा करणारा आणि न करणारा असा भेद केलेला दिसतो, तो कुणाकुणातला? हिल्लेल म्हणाला, दोघेही भले, पण एकाने आपला धडा शंभर वेळा म्हटला आणि दुसऱ्याने एकशे एक वेळा. शिष्य म्हणाला, एका खेपेसाठी एवढा फरक? हिल्लेलने त्याला गाढववाल्यांच्या बाजारात जाऊन भाडं विचारायला सांगितलं. दहा परसांगांच्या वाटेला एक झूज, अकरा परसांगांना दोन. अंतर एकाच परसांगाने वाढलं आणि भाडं दुप्पट झालं. का, ते गाढव हाकणाऱ्याला विचारावं. नेहमीची मजल संपल्यावर पुढे टाकलेलं एकेक पाऊल जड असतं. शंभरापर्यंत सवय नेते. एकशे एकाव्या खेपेला माणूस स्वतः जातो.

अशी एक वाटचाल आपल्या काळाजवळची आहे. नेहामा लाइबोविट्झ, जन्म १९०५, रीगा. १९४२ मध्ये यरुशलेममध्ये अभ्यासवर्गाला आलेल्या बायकांनी त्यांना विचारलं, आम्ही परत गेल्यावर अभ्यास कसा चालू ठेवायचा? त्यांनी त्या आठवड्याच्या प्रकरणावर एक प्रश्नपत्रिका काढून पाठवली. मग पुढच्या आठवड्याची. मग १९७१ पर्यंत, जवळजवळ तीस वर्षं, दर आठवड्याला. उत्तरं टपालाने येत, शिक्षकांची, शेतकऱ्यांची, सैनिकांची, आणि नेहामाबाई ती स्वतः लाल शाईने तपासून परत पाठवत. त्या प्रश्नांत राशीसारख्या जुन्या भाष्यकारांची दोन मतं समोर ठेवलेली असत : यांना काय खटकलं? त्यांनी असं का नाही म्हटलं? बाईंच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या थडग्यावर नावाबरोबर एकच शब्द कोरला : ‘मोरा’, म्हणजे शिक्षिका. दर आठवड्याला मजकूर द्यायचा म्हणजे काय, हे या स्तंभाच्या निमित्ताने मला थोडंसं कळलंय, आणि तीस वर्षांच्या विचाराने छाती दडपते.

आता पुन्हा सणानंतरच्या दिवसांकडे. इस्रायलमध्ये पावसाळा सुक्कोतनंतर सुरू होतो. सण संपला की पाऊस मागायला हवा, शेतं कोरडी असतात. पण यरुशलेममधल्या मंदिराच्या काळात सणाला लांबून यात्रेकरू यायचे, काही थेट फ्रात (युफ्रेटिस) नदीपलीकडून. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात सांगितलंय की पावसाची मागणी खेश्वानच्या सात तारखेला सुरू करावी, सणानंतर पंधरा दिवसांनी, म्हणजे सगळ्यात मागे राहिलेला माणूसही चिखलात न अडकता फ्रातपर्यंत पोचलेला असेल. मंदिर गेलं, यात्रा थांबली, तरी आजही इस्रायलमध्ये पाऊस सात तारखेपासूनच मागतात. तो शेवटचा वाटसरू अजून घरी पोचायचा आहे, असं धरून.

या दिवसांत वाचन कुठवर आलेलं असतं, ते पंचांगाशी ताडून पाहिलं. उत्पत्तीचं पहिलं प्रकरण सिमखात तोरानंतरच्या शब्बाथला. पुढच्या शब्बाथला नोहा आणि जलप्रलय. सात खेश्वान दरवर्षी त्याच्या पुढच्या आठवड्यात पडते. प्रलयाचं प्रकरण वाचून झाल्यावर पाऊस मागायचा, तोही भिऊन नव्हे. आणि त्या आठवड्यात घरोघर जे प्रकरण अभ्यासाला असतं ते ‘लेख लेखा’, अब्राहामाचं. आपला देश, आपलं गणगोत, बापाचं घर सोडून चालू लाग, असं त्याला सांगणं होतं आणि तो हारानहून निघतो. हारान फ्रात नदीच्या पलीकडे आहे. सणाहून परतणारा शेवटचा माणूस ज्या आठवड्यात नदीला पोचतो, त्याच आठवड्यात पलीकडच्या तीरावरून अब्राहाम चालायला लागलेला असतो.