भाड्याच्या घरातील मोरी: डागडुजी की नवी?

नोकरीपायी गावोगाव फिरणारा माणूस भाड्याचे घर पाहतो तेव्हा खोल्या पाहतो, उजेड पाहतो, नळाची वेळ विचारतो. मोरीत मात्र नुसता डोकावून परत फिरतो. तालुक्याच्या गावी कॉलेजात लागलो तेव्हा माझेही तसेच झाले. मोरी जुन्या शहाबादी फरशीची होती. सांधे उकललेले, दगड खडबडीत झालेला. मी तक्रार केली तेव्हा घरमालकांनी फरशीवर सिमेंटचा थर घोटून दिला. मोरी अगदी नवी दिसू लागली! चार महिन्यांत त्या थराचे पोपडे निघाले, आणि पलीकडच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलेली माझी पुस्तके बुरसली. पाणी आधीही फरशीखाली मुरत होते, नंतरही मुरतच राहिले.

पितळी पातेल्याची कल्हई गेली तर आपण कल्हईवाल्याला हाक मारतो. पण पातेल्याला भोकच पडले असेल तर वरून कल्हई करून काय उपयोग? मोरीचेही तेच आहे. वरचे अंग झिजले आहे की तळ फुटला आहे, हे आधी ठरवले पाहिजे.

वरचे अंग झिजते ते बहुधा आपल्याच हाताने. शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीच्या जातीचे दगड. फुटक्या फरशीचा थोडा चुरा करून त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. लिंबाने एवढे होते, तर मोरी स्वच्छ करायला आपण ओततो त्या ॲसिडने काय होत असेल? मळाबरोबर दगडही विरघळतो, सांध्यातले सिमेंटही खाल्ले जाते. मग त्या खडबडीत फरशीत मळ अधिकच धरतो, आणि आपण पुन्हा ॲसिड आणतो.

आता परीक्षा. फरशीवर लाकडी दांड्याने ठिकठिकाणी ठोकावे. भरीव आवाज आला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखी बद वाजली तर खाली पोकळी आहे. मग पाणी जाण्याचे भोक चिंधी आणि चिकणमातीने घट्ट बंद करून दोन बोटे पाणी साठवावे, पातळीशी पेन्सिलीने खूण करावी आणि एक दिवस-रात्र तसेच राहू द्यावे. घरच्यांनी त्या दिवशी अंगणात अंघोळ करावी, दुसरा इलाज नाही. पाणी चांगलेच उतरले आणि शेजारची भिंत ओलावली, तर तळ गळतो. पाणी टिकले, पण भोक उघडल्यावर ओल आली, तर दोष नहाणी ट्रॅपच्या सांध्यात असण्याचा संभव अधिक. आणि मोरी कोरडी असतानाही भिंत ओलीच राहत असेल, तर नळाची पाइप तपासावी. फरशीला उगीच दोष देऊ नये.

तळ शाबूत असेल तर डागडुजी पुरे. जुने सांधे अर्धा इंच खोल खरवडून काढावे, धुऊन वाळवावे आणि इपॉक्सीने किंवा सिमेंटने भरावे. सिमेंट भरले तर ते काही दिवस ओले ठेवावे लागते. ही घाई नडते. तळच गेला असेल तर मात्र सगळे उकरून कोबा, वॉटरप्रूफिंग, उतार आणि नवी फरशी.

खर्चाचे काय? धरा, डागडुजीला ४ हजार लागले आणि ती २ वर्षे टिकली. नव्या मोरीला ३० हजार लागले आणि ती १५ वर्षे टिकली. दोन्हींचा वर्षाचा खर्च २ हजारच! पण भाडेकरू दोन वर्षांत बदलीने जाणार, म्हणून तो म्हणतो, भागवा. मालकही आज पैसे निघू नयेत म्हणून भागवतो. दोघांचे एकमत होते आणि भिंत मात्र भिजत राहते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे तेथे, करारात वेगळे ठरले नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकाचे काम आहे. कलम १४ प्रमाणे भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नाही. महिना ३ हजार भाडे असेल तर वर्षाला ९ हजार. म्हणजे सांधे भरून होतील. नवी मोरी मालकाच्या राजीखुशीनेच. मी नोटीस दिली नाही, बुरसलेली पुस्तके नेऊन त्यांच्या ओसरीवर ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात मोरी उकरली गेली.

तेव्हा मालकांनी हौसेने चकचकीत टाइल बसवली, आणि आठवड्यात माझी आई तीवरून घसरली. मनगट दीड महिना प्लॅस्टरमध्ये होते. मोरीला खरबरीत टाइलच घ्यावी. सहा फुटांना इंचभर तरी उतार ट्रॅपकडे ठेवावा, आणि फरशी बसवण्याआधी, वॉटरप्रूफिंग झाल्यावर, पुन्हा एकदा पाणी साठवून पाहावे. एक दिवस मोडतो म्हणून गवंडी कुरकुर करील. करू द्यावी.