जेवल्याची आठवण

हेन्री मोलेसन रात्रीचं जेवले. मिनिटभरानं संशोधकांनी त्यांच्यापुढे दुसरं पूर्ण जेवण ठेवलं, आणि ते पुन्हा त्याच संथपणे जेवू लागले. मागे राहिलं ते फक्त सॅलड! अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये अमेरिकेत त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली होती. तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग गेला आणि नवी आठवण टिकेनाशी झाली. भूक किती आहे, या प्रश्नाला ते जेवणाआधी आणि नंतर जवळपास एकच उत्तर देत.

आठवणी घडवणाऱ्या भागाचा भुकेशी काय संबंध?

याचा एक धागा थेट जठरात सापडतो. १९९९ मध्ये जपानच्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी उंदराच्या जठरातून घ्रेलिन हे संप्रेरक वेगळं काढलं. अवघ्या २८ अमिनो आम्लांची ही साखळी. तिच्या तिसऱ्या कडीला एक छोटंसं मेदाम्ल चिकटलेलं असतं. ते नसेल, तर भुकेचा निरोप मेंदूला कळतच नाही. इतक्या बारीक गोष्टीवर आपलं जेवण अवलंबून असावं, याचं मला फार नवल वाटतं. जेवणाची वेळ झाली की रक्तात घ्रेलिन वाढतं, ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला जागं करतं आणि पोटात कावळे ओरडू लागतात.

पण खरी गंमत २००६ मध्ये उघड झाली. येल विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की हेच घ्रेलिन हिप्पोकॅम्पसमध्येही शिरतं. प्राण्यांमध्ये त्यानं तिथल्या पेशींचे आपसातले जोड वाढले आणि स्मरणशक्तीही सुधारली. भुकेल्या जिवाला अन्न कुठे मिळालं होतं ते आठवायलाच हवं. भूक आणि स्मृती एकाच रेणूवर सोपवण्यात मला तरी मोठं शहाणपण दिसतं.

पोटातून मेंदूकडे जायला रक्ताखेरीज दुसरी वाटही आहे: व्हेगस नस. आतड्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवतं आणि या नसेतून ‘आता पुरे’ असा निरोप वर जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पोटाकडून वर जाणारे तिचे तंतू निकामी केले, तेव्हा उंदरांना जागा लक्षात ठेवणं जड गेलं.

जेवणाची आठवण आणि भूक यांचं हे नातं आपल्या घरातही तपासता येईल. ब्रिटनमधल्या एका प्रयोगात, टीव्ही बघत दुपारचं जेवलेल्यांना ते जेवण पुसटसं आठवलं आणि नंतरच्या खाण्यात बिस्किटं जास्त गेली. आज रात्री जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून पाहा.